भेग क्रमांक सात

पूल खात्यात एकतीस वर्षं मी भेगांचेच फोटो काढले.
माणसं आली ती चुकून,
कोपऱ्यात एखादं पाऊल, सायकलचं अर्धं चाक.
साहेब म्हणायचे, पाठारे, माणूस काप, भेग ठेव.

आज रे रोडपलीकडच्या नाल्यात
सोबत मृण्मयी घरत, नवीन ज्युनियर इंजिनिअर,
पायात गमबूट, हातात फोन.
मी बॅग उघडतो. आत सिलिका जेलच्या पुड्या,
तरी या दमट शहरानं
जुन्या लेन्सच्या पोटात बुरशीचं जाळं विणलंच.
बोरा बाजारातला हकीमुद्दीन म्हणाला होता,
बुरशी पुसून देईन, तिनं खाल्लेली काच कुठून आणू?

तिचे बारा फोटो
तारीख, वेळ, अक्षांश-रेखांशासकट
ऑफिसला पोचलेसुद्धा.
मी अजून ट्रायपॉडचा तिसरा पाय
चिखलात रोवतोय.

मग तिच्या पडद्यावर आम्ही दोघं
सात नंबरची भेग शोधतो.
खांब आहे. शेवाळ आहे, आहे त्याहून हिरवं.
पुलाखालच्या अंधाराची दुपार झालीय.
भेग नाही.
केसाएवढी होती, काळोखात होती,
फोनला डाग वाटला असेल,
नवरीच्या गालावरचा पुसावा तसा पुसला.
"सर, यानं तर गिलावाच करून टाकला,"
ती म्हणते. आम्ही हसतो.
वरून डंपर जातो,
पूल घशातल्या घशात खाकरतो,
आणि मग हसत नाही.

माझ्या फोटोत ती आहे,
बारीक, काळी, मध्येच फाटा फुटलेली,
शेजारी स्टीलची पट्टी.
वाटतं, आता दोन शब्द बोलावेत,
सेन्सरच्या आकाराबद्दल, काचेच्या वजनाबद्दल,
सावलीला सावली राहू देण्याबद्दल.

तोवर ती शिडीवर.
तुळई जिथं खांबावर टेकते तिथं चार बोटं फट,
माझ्या कॅमेऱ्याचं नाकही शिरत नाही.
टॉर्च लावून, खांद्यापर्यंत हात घालून
ती आंधळेपणानं टिपते
आणि बाहेर काढते
फुगलेली, गंजलेली सळई,
सुटलेला काँक्रीटचा पापुद्रा,
कबुतराचं एक अंडं.
त्या फटीपुढं मी दर वर्षी लिहीत आलो:
पाहणी शक्य नाही.

खाली उतरून ती फोन माझ्याकडे देते.
दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो,
घरी कुणाला सांगितलेलं नाही.
फोनलाही कळत नाही, किंवा कळून
तो गप्प बसतो. फोटो स्थिर,
जणू विशीतल्या मुलानं काढलेला.
मी ट्रायपॉडवरून कॅमेरा सोडवतो,
हातात धरूनच एक काढतो.
सातची भेग दुहेरी दिसते,
पट्टीवरचे आकडे एकमेकांवर चढलेले.

"डिलीट करू?" ती विचारते.
नको.

फाइलीत तिन्ही लावतो,
माझी भेग, तिची फट, आणि हा तिसरा.
साहेब विचारतील, हललेला कशाला लावलाय, पाठारे?
सांगेन, पूल हलतो.