काकडीचे सहा तुकडे

लोक अजून विचारतात,
मगदूम, कच्चा मासा खाल्ला का तिकडं?
मी म्हणतो, काकडी.
नव्वद दिवसांतले अठ्ठ्याहत्तर दिवस, काकडी.
हसतात. हसू देत.

कंपनीनं मशीन शिकायला धाडलं होतं हमामात्सुला,
लेथवर माझा हात बरा म्हणून.
त्रिशलानं बांधून दिलेलं भडंग अकराव्या दिवशी संपलं.
बाराव्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी निळा पडदा दिसला,
आत सात खुर्च्या,
आणि फळीपलीकडं इशीदा नावाचा म्हातारा.
मी वहीत मासा काढून त्यावर फुली मारली.
अंड्यावर फुली. कोंबडीवर फुली.
कोंबडी जमली नव्हती, तरी फुली कळली असावी.
त्यानं वही फिरवून बराच वेळ बघितली,
मग सुरी धुतली,
पाट बदलला,
आणि काकडी उचलली.

पाट बदल, असं मी सांगितलं नव्हतं.
ते चित्रात कसं काढतात
मला माहीत नव्हतं.

आज रविवार. कुपवाड. दुपारचे साडेचार.
भात इंद्रायणीचा,
पुलावाला ज्याच्या चिकटपणाला त्रिशला बोल लावते तोच.
व्हिनेगर नाही, आंबवलेलं अक्काला चालत नाही;
लिंबू, साखर, मीठ.
आलं कंद, गाजर कंद,
ती नाकात जाणारी हिरवी चटणीसुद्धा कंदाचीच,
म्हणून मोहरी फेसली.
नाकापर्यंत तीही पोचते.

चटई मिरजेच्या बुरडाकडून करून आणली.
म्हटलं, वीतभर लांब, वीतभर रुंद, काड्या बारीक, दोरा सुती.
म्हणाला, देवाखाली घालायला?
म्हटलं, भात गुंडाळायला.
त्यानं पैसे आधी मागितले.

काळे कागद कुरिअरनं आले.
सम्मेदनं एक उन्हात धरून पाहिला:
पप्पा, हा कार्बन पेपर आहे?

पहिली गुंडाळी फुटली.
दुसरी भोंग्यासारखी, एका टोकाला फुगलेली.
तिसरीला त्रिशला म्हणाली, सरका.
सुरळीच्या वड्यांचा हात तिचा;
अंगठे खालून, बोटं वरून, एकदा दाबलं आणि सोडलं.
नव्वद दिवसांत मला जे कळलं नाही
ते तिनं पदराला हात पुसता पुसता केलं.
सहा तुकडे. व्हर्नियर कपाटात होता.
काढावासा वाटला. नाही काढला.

अक्का पाटावर येऊन बसली.
हे काळं कशाचं?
समुद्रातलं शेवाळ, अक्का.
ती तुकड्याकडं बघत राहिली.
पावसाळ्यात शेवाळावर पाय पडू नये
म्हणून अंगण ओलांडत नाही मी, म्हणाली,
आणि तू ते खायला घालतोस.
रागानं नाही. नुसतं सांगितलं.

वर गच्चीतून सम्मेद ओरडला,
पप्पा, सूर्य अजून चार बोटं!

मी सुरी धुतली.
पाट बदलला.
नवी काकडी घेतली, हरिपूरच्या बाजूची, कोवळी.
चटईवर केळीचं पान, त्यावर भाजलेले तीळ,
तिळांवर भात, भातावर काकडी.
कागदाशिवाय ते उभं राहील की नाही
शंका होती.
राहिलं. थोडं वाकडं.

दोन बोटं!

अक्कानं एक तुकडा खाल्ला, सावकाश,
जशी ती सगळंच खाते.
मग म्हणाली, भातात मीठ कमी.
मग दुसरा घेतला.
मग पाणी पिऊन हात धुतले.

टोकाचे तुकडे, ज्यांतून काकडी बाहेर डोकावते,
इशीदा कधी मांडत नसे.
मला वाटायचं, टाकून देतो.
शेवटच्या संध्याकाळी त्यानं एक टोक स्वतः खाल्लं
आणि दुसरं, बशीशिवाय, फळीवरून माझ्याकडं सरकवलं.

इथंही दोन टोकं उरली होती.
एक त्रिशलानं उचललं, ओट्याशी उभ्या उभ्याच.
दुसरं मी तोंडात टाकलं,
मोहरी नाकात चढली, डोळ्यांत पाणी आलं,
आणि वरून पोरगं ओरडलं,
गेला!