आडव्या रेघेत

पदोन्नतीच्या अर्जातला चौदावा रकाना:
एकूण शोधनिबंध एकवीस,
उद्धरणं एकशे अठरा,
एच-इंडेक्स सहा.
मैनोद्दीनभाई चहा ठेवता ठेवता वाकून बघतात.
"सहाच का, म्याडम? पास व्हायला किती लागतेत?"

मी सांगते, सहा म्हणजे
माझे सहा निबंध असे आहेत
की प्रत्येकाची सहा वेळा तरी कुणी आठवण काढली.
ते मान हलवतात.
"आमच्या अब्बांची तर वर्साला एकदाच निगते."

सगळ्यात जास्त आठवण डिंकाची.
धावड्याचा डिंक, किनवटच्या बाजारातून किलोभर आणलेला,
साल, वाळू, मुंग्यांसकट.
वस्त्रगाळ केला, गोळीत मिसळला.
साखरेच्या आजाराचं औषध बारा तासांत
सावकाश सुटतं का, एवढंच पाहायचं होतं.

ते लातूरचं कोरडं वर्ष.
सहा भांडी, प्रत्येकात नऊशे मिली,
सदतीस अंश, मिनिटाला पन्नास फेरे.
तासातासाला पाच मिली काढायचे
आणि तेवढेच ताजे परत घालायचे.
घेतलं तेवढं भरून देण्याचा नियम
त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावात
फक्त आमच्या टेबलावर पाळला जात होता.

टँकर आठव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
मैनोद्दीनभाई टाकीवर पाय सोडून वाट बघत बसायचे.
ऊर्ध्वपातनाची नळी थंड करून स्वतः तापलेलं पाणी
ते बादलीत धरायचे, झाकायचे, उद्या पुन्हा फिरवायचे,
चौथ्या दिवशी सायकलच्या हँडलला लटकवून
घरी न्यायचे, धाकटीच्या आंघोळीला.
"फुकटात गीझर," म्हणायचे.

निबंधात 'साहित्य आणि पद्धती'खाली एक ओळ आहे:
ऊर्ध्वपातित पाणी वापरले.
कर्मणी प्रयोग.
वापरणारा दिसत नाही,
आणणारा तर नाहीच नाही.
आभारात मी त्यांचं नाव घातलं होतं,
वडिलांच्या नावासकट.
शब्द जास्त होतात म्हणून संपादकांनी त्याचं
'प्रयोगशाळा कर्मचारी' केलं.

आज पहिल्यांदाच शोधायला बसले,
की ते एकशे अठरा जण माझ्याबद्दल
बोलले तरी काय.
एक ब्राझीलचा, तिघे नायजेरियाचे,
बाकी बरेचसे आपलेच, मोगा, शिरपूर, तिरुचिरापल्ली.
नऊ वेळा तर मीच.
एकानं धावड्याची बाभूळ केली आहे.
एकानं मला पुरुष ठरवून टाकलंय.
आणि इराणातल्या एका जाडजूड आढाव्यात
शेवटच्या यादीत सत्तेचाळिसावी मी,
मजकुरात मात्र नुसतं एवढंच:
नैसर्गिक डिंकांवर पुष्कळ काम झाले आहे.
पुढे चौकटी कंस, त्यात चव्वेचाळीस,
एक आडवी रेघ, एकावन्न.

सत्तेचाळीस छापलेलंच नाही.
मी त्या रेघेत आहे.
पंचेचाळीस, सेहेचाळीस यांच्याशी अंग चोरून.
कोण असतील ती माणसं,
रात्री दोनला त्यांच्यासाठी
टाकीवर कोण बसलं असेल.

"कुठंय आपलं?" मैनोद्दीनभाई विचारतात.
मी पडद्यावर रेघेला नख लावते.
ते चष्मा सदऱ्याला पुसतात, घालतात, बराच वेळ बघतात.
"बारीक हाय."
कप उचलून निघताना
नळीखालची बादली पायानं नीट सरकवतात.
आता नळाला पाणी असतं.
तरी.

चौदाव्या रकान्यात मी एकशे अठराच ठेवलं.
स्वतःचे नऊ वजा करा
असं अर्जात कुठं लिहिलेलं नव्हतं.