उघाडी

वेंगुर्ल्याच्या सेंटरवर चार खुर्च्या, चार मशिनी.
तिसरी धाकूकाका आसोलकरांची, सोमवार आणि गुरुवार,
शिरोड्याची सहाची एस.टी. चुकली नाही तर.
मी वजन घेते. दोन किलो आठशे जास्त.
म्हणजे तीन दिवसांचं पाणी,
ज्याला बाहेरची वाट सापडली नाही.

चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस.
आता पेजेत मीठ नाही.
यावर ते विनोद करत नाहीत. मीही नाही.

एकदा सुया टोचताना म्हणाले,
"बाये, माका सांग, आतमदी उघाडी खंय असता?"

रिपोर्टच्या पाठीवर मी पेनने काढलं:
कण्याच्या दोन बाजूंना दोन,
शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी मूत्रपिंडं.
उजवं बोटभर खाली, कारण वर यकृत ऐसपैस बसलंय.
बाहेर साल, आत गर,
गरात सुळके, सुळक्यांच्या टोकांशी पन्हळी,
सगळ्या पन्हळींची मिळून एकच नळी.
आणि सालीत, एकेका बाजूला दहा-दहा लाख,
केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते,
प्रत्येक गुंता आपापल्या पेल्यात.

लोक गाळणी म्हणतात. ते अर्धंच.
पेल्यात आधी सगळं सांडतं,
पाणी, मीठ, साखर, कचरा,
दिवसाला एकशे ऐंशी लिटर,
आमच्या विहिरीवरचे बारा हंडे.
रक्ताच्या पेशी तेवढ्या मागे राहतात, जाळीत मावत नाहीत.
मग पेल्यातून नळी निघते नागमोडी
आणि सांडलेलं वेचत जाते.
साखर सगळी परत. मीठ मोजून परत.
मग उतरते गरात, जिथे
जितकं खोल तितकं खारट,
आणि तो खारटपणाच तिच्यातलं पाणी ओढून घेतो.
वळसा मारून ती वर येते, पुन्हा खाली जाते.
बारा हंड्यांतलं बाहेर पडतं दीड लिटर.

काका बराच वेळ कागद बघत राहिले.
"उलटाच मां ह्या.
आमी पाणी उडवून मीठ धरी होतंव.
हंयसर मीठ धरतत, तां पाणी राखूक."

मी चौदा वर्षं या मशिनींवर आहे.
मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

एप्रिलातल्या एका सोमवारी ते बसमधून उतरले
पाय ओढत. कार्डिओग्रामच्या लाटा
उंच, टोकदार, खुंट्या ठोकल्यासारख्या.
"शहाळं घेतलंत?"
"अर्धाच. नातीचा लगीन ठरला, नाय कसा म्हणू?"

धडधाकट माणूस शहाळं पितो, करवंटी भिरकावतो,
त्यातलं पोटॅशियम कधी निघून गेलं
त्याला पत्ता नसतो.
इथे ते रक्तात बसून राहतं
आणि काळजाचा ताल बिघडवतं.

चार तास लागले.
मशीन चांगली आहे माझी, पण सांगकामी.
किती काढायचं ते मी ठरवते, आकडे दाबून.
रक्त उणं पडलं की हाडातल्या मगजाला निरोप धाडणं,
दाब उतरला की शिरा आवळायला लावणं,
हे तिच्या गावी नाही.
त्यासाठी फ्रिजमधली इंजेक्शनं, गोळ्या,
आणि माझी वही.

लाटा बसल्या तसे काका बोलायला लागले,
डोळे मिटूनच:
"भरती इली काय झडप आपसूक धापता.
ओहटीक उघडता. रातचो कोण बघूक जाता?
आमच्या बांदावरची मोडली, तां म्हयनोभर कळाक नाय.
कळला तेवा सगळो मळो खारो."

त्यांचं वजन घेतलं. बरोबर उतरलं होतं.
पट्टी बांधली, दहा मिनिटं दाबून धरायला सांगितली,
पावणेचारच्या बसला हात केला.

रात्री तीनला मला जाग आली, नेहमीसारखी, लघवीला.
अंधारातच जाऊन आले.
पाठीवर आडवी झाले,
मग उगाच कुशीवर वळले.