दुसरा पडत नाही

कोपरीच्या पुलावर दुसरा पडत नाही
हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं,
एखाद्या आत्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही
हे ठाऊक असतं, तसं.

दांडा आधी न्यूट्रलला सैल सोडायचा,
मग पलीकडच्या सीटकडे रेटायचा,
श्वासभर थांबायचं
(मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यायचे),
मग मागे, किंचित तिरका,
पातळ आमटीच्या तळाशी पळी शेंग शोधते तसा.
खट्.
सोळा वर्षं.

सोसायटीत गाडी पुढेमागे करायला किल्ली मागत,
मी देत नसे. गाऊनवर ओढणी टाकून
मीच खाली उतरायची.
काही गाई एकाच हाताला पान्हा सोडतात.
याचा मला थोडा गर्व होता, लपवत नाही.

फेब्रुवारीत मोरीत पाय घसरला.
डावं मनगट.
तेच, गियरचं.

शलाकानं गाडी गेटपर्यंत नेली, दातओठ खात,
म्हणजे गाडीनंच खाल्ले.
पहिल्यातून थेट चौथ्यात, मग कशातच नाही.
उतरून म्हणाली,
"आई, ही गाडी नाही, हे तुझं खासगी प्रकरण आहे."

उथळसरला इनास मिस्त्री पुठ्ठ्यावर आडवा होऊन
गाडीखाली गेला. बाहेर नुसत्या चपला.
"दांडा हलवा."
मी उजव्या हातानं, वाकून, हलवला.
"हलवताय ना?"
"हलवतेय."
"इथे काहीच येत नाहीये."
मग बराच वेळ खालून नुसतं गुणगुणणं, पाना पडल्याचा आवाज,
आणि एक काळं कडं त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं.
अर्धं झिजलेलं, चंद्रकोरीसारखं एकीकडे जाड.
"प्ले फार आलाय. हा बुश होता."
दोन भागांत किती जागा पडेपर्यंत खेळ म्हणायचं
आणि कुठून पुढे बिघाड,
हे मी विचारलं नाही.

कंपनीचा आता मिळत नाही. मिळाला तरी बसायचा नाही,
कारण शाफ्टही झिजून अंड्यासारखा झालेला.
म्हणून रिक्षानं वागळे इस्टेट, सोळा नंबर रोड,
पत्र्याच्या शेडमध्ये बोऱ्हाडे.
कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी
थकलेल्या पगाराऐवजी हा लेथच मागून घेतला होता.
व्हर्नियर लावून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, शाफ्टकडे पाहिलं,
बोलले काहीच नाहीत.
आधी शाफ्ट गोल केला. म्हणजे आणखी बारीक.
मग त्या बारीकपणाला बेतून
गनमेटलचा बुश,
पिवळी कात्रणं कुरळी होऊन पायाशी पडत राहिली.
"बाजारातला आता हिला कधीच लागणार नाही," ते म्हणाले.
"पुन्हा झिजला तर माझ्याकडेच."
मग वर पत्र्याकडे बघून, "असलो तर."

बुशचे साडेतीनशे, शाफ्टचे दोनशे, इनासची मजुरी निराळी.

आयुष्यात पहिल्यांदा मी डावीकडच्या सीटवर.
इथून कोपरीचा पूल रुंद दिसतो.
चढाला शलाकानं दुसरा टाकला,
नुसता टाकला, टेबलावर चमचा ठेवावा तसा.
"बघ," ती म्हणाली, "काही नव्हतंच."
माझा हात मांडीवर, प्लास्टरमध्ये,
आपल्या आडवाटेनं निघालेला,
श्वासभर थांबलेला,
अजून तिरका व्हायचा होता.
तोवर पूल संपला.

जुना बुश मी पर्समध्ये टाकला होता. कशाला, कोण जाणे.
काल जांभळी नाक्यावर मेथीच्या जुडीला
सुट्ट्या पैशांत तो गेला.
भाजीवालीनं उलटसुलट करून परत दिला.
"मावशी, हे चालायचं नाही."

चालत होतं, म्हटलं.