कीटण

वडणग्याहून आलेत हिंदुराव कळंत्रे,
सायकल खाली लावून, टोपी मांडीवर ठेवून,
राजारामपुरीतल्या माझ्या खुर्चीत आ करून पडलेत.
साठ वर्षांची मिसरी, गुऱ्हाळावरची काकवी,
तालमीतल्या दिवसांचं दूध
खालच्या दातांमागं थर देऊन बसलंय.
मी खरवडते.

"दगूड हाय काय वो?"
दगडच, म्हटलं. थुंकीचा झालेला.

यंत्र घोंघावतं. माणूस घाबरू नये म्हणून
मी बोलत राहते काहीबाही,
आज मात्र कवटीचं बोलले.
चीनमध्ये, पूल बांधताना, म्हणतात,
एका मजुराला सापडली.
परक्यांचं राज्य. त्यानं ती विहिरीत लपवली
आणि मरायला टेकल्यावरच घरात सांगितलं.
दीड लाख वर्षांची.
भुवईचं हाड हे एवढं, खोबण्या चौकोनी,
कोण माणूस ते ठरेना.
कानाचं हाड गप्प. दातही गप्प.
शेवटी दातावरचं कीटण खरवडलं,
तिळाएवढंसुद्धा नाही,
तर त्यात आईकडचा वंश निघाला:
डेनिसोव्हन.
आपली भावकीच, वाटण्या होऊन
लांब गेलेली, मग संपलेली.
तोवर त्यांचं होतं काय आपल्याकडं,
एका पोरीच्या करंगळीचं टोक,
थोडे दात, जबडा.
तोंड बघितलेलं नव्हतं कुणी.

हिंदुरावांनी हात वर केला.
दुखलं का?
चूळ भरली. गुलाबी पाणी
गोल फिरून गेलं.
मग म्हणाले,
"घासत न्हवता म्हणून घावला की!"

मी हसले, आणि मग हसू राहिलं अर्धंच.
वीस वर्षं मी याच गल्लीत
लोकांना सांगतेय, दर सहा महिन्यांनी या,
आणि संध्याकाळी पिशवीला गाठ मारतेय.

"त्या गड्याचं नाव काय हुतं?"
कवटीचं का?
"न्हाई. हिरीत टाकलान त्येचं."

मी वाचलेल्या बातमीत नव्हतं.
"बघा," म्हणाले, आणि परत आ केला.

शेवटचा कपचा सुटला,
तपकिरी, आत फिकट, पावट्याच्या सालीसारखा.
कापसावर ठेवला. टाकला नाही लगेच.

पैसे देताना त्यांची जीभ
आतल्या आत फिरत होती,
जुनी भिंत पडलेल्या जागी.
रविवारी रस्सा चालंल न्हवं?
दोन दिवस थांबा, म्हटलं. गरम नको.

जिन्यातनं आवाज आला,
"डॉक्टरीणबाई, वारं लागाय लागलं वो
दातास्नी."