सुभेदार

नववा दिवस.
भोपळ्याचा कीस कडेनं वाळून गेला.
मागाच्या शेडमागून धरून आणलेले चार रातकिडे
त्याच्या पाठीवरून फिरतात, बिनधास्त.

नाव परशरामनं ठेवलं, दाढी बघून.
कॅम्पातल्या सुभेदारासारखी ताठ मान.
परशराम होसूरला गेला कामाला;
काचेची पेटी, दिवा आणि हा
राहिले माझ्याकडे.

म्हशींचे डॉक्टर हिरेमठ
त्याला तळहातावर घेऊन बराच वेळ गप्प.
मग कन्नडात म्हणाले, थंडी आहे,
झोपायचं असेल त्याला.
नाहीतर आजारी असेल.
फी घेतली नाही.

वडगावात दुपारी लाइट जाते.
माग थांबतात, दिवाही.
मग मी त्याला पोटाशी धरून
पायरीवर उन्हात बसते.
खरखरीत अंग, गाठी पडलेल्या सुतासारखं,
आणि आत कुठंतरी बारीक धकधक.

भिंतीपलीकडून गंगव्वा, रोजच्यासारखी:
"ऊटा आत्?"
"अजून नाही," मी सांगते.
तिला वाटतं माझंच,
ती ताटलीत भाकरी घेऊन येते.

सुभेदार एक डोळा उघडतो.
भाकरीकडे नाही.
ताटलीच्या काठावर बसलेल्या
माशीकडे.