नखाएवढी चीर

एल आल्तोमध्ये सकाळी आठला
गटारातलं पाणी अजून काच असतं.
वॅगन मी निकासियाच्या गॅरेजपर्यंत आणली
दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या भरवशावर,
आणि एवढंच सांगितलं: पेडल दगड झालंय.

तिनं हॅट खिळ्याला अडकवली,
घोळदार घागऱ्यावर एप्रन बांधला.
"तेल गळतंय?" नाही.
"चाकं तापतात?" नाही.
"थांबते तरी?"
थांबते, पण मला सीटवरून जवळजवळ उभं राहावं लागतं.
"आधी कोण चालवायचं?"
माझे ताता. एकोणीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी सोडली.
"का?"
गुडघा गेला त्यांचा.

निकासिया माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,
इंजिन बंद ठेव. दाब. अजून. पाच वेळा दाब.
आता पाय तसाच ठेवून चावी फिरव.
इंजिन खोकलं, लागलं.
"पाय खाली गेला?"
नाही.
"जायला हवा होता. कुणी हात धरून
एक पायरी उतरवावं, तेवढा."

बॉनेटखाली एक काळा गोल डबा, परातीच्या घेराचा.
हा बूस्टर, तिनं बोटानं टकटक केलं. आत पडदा.
पडद्याच्या अलीकडे-पलीकडे काही नाही,
इंजिन सगळं ओढून घेतं.
तू पाय दाबलास की एका बाजूला बाहेरची हवा शिरते,
त्या काही-नाहीला ढकलते,
आणि तुझं निम्मं ओझं तीच उचलते.
इथं चार हजार मीटरवर हवा आधीच अर्धपोटी.
त्यात ते काही-नाहीही गळायला लागलं,
तर एकट्या पायानं किती रेटायचं?

काही-नाही गळतं कसं, मी विचारणार होते,
पण ती रबराचा एक तुकडा कानाला लावून
इंजिनवर वाकली होती, डॉक्टरीणबाईसारखी.
बाहेर मिनीबसची पोरं सेहा, सेहा ओरडत होती.
तिनं हात वर केला. मीही श्वास धरला.
स्सस्स.
क्लॅम्पच्या खाली, जाड नळीच्या पोटाशी.
तिनं अंगठा दाबला तिथं
आणि इंजिनची धाप एकदम बसली.
माझा पाय, जो मी उचलायचाच विसरले होते,
एक पायरी उतरला.

झडप तिनं तोंडाला लावून तपासली.
एकीकडून फुंकर जाते, उलटी येत नाही.
"हिला काही झालेलं नाही."
कोपऱ्यात पेट्रोलची नळी पडली होती, ती दाखवली
तर हसली: ती आतल्या ओढीनं चपटी होईल, पोरी,
रिकामेपणा सोसणारी नळी वेगळी मिळते.
चाळीस बोलिव्हियानो. तीस दिले, दहा उधार.

ताता अंगणात उन्हाला बसले होते,
गुडघ्याला लामाची चरबी चोळत.
त्यांना आणून स्टिअरिंगमागे बसवलं.
त्यांनी दाबलं, चावी फिरवली. पाय उतरला.
बंद केलं. पुन्हा. पुन्हा.
नळी फुटली होती, मी म्हटलं. तुमचा पाय नव्हता.
दोन वर्षं ते ओरुरोला आत्याकडे गेले नाहीत.
हातमोजे शेजारच्या सेवेरोला देऊन टाकले.
"मला वाटलं," ते म्हणाले, आणि तिथंच थांबले.
मग: "केवढी चीर होती?"
मी करंगळीचं नख दाखवलं.

जुनी नळी मागून घेतली, कोटाच्या खिशात ठेवली.
मला वाटलं, आता चालवतील.
ते उतरले, बॉनेटला धरून धरून वळसा घातला,
दुसऱ्या बाजूनं आत बसले.
"चालव तू. हा खराच दुखतो आता."

ला पाझच्या उताराला ट्रक आडवा आला.
मी ब्रेक दाबला, गाडी अलगद थांबली.
शेजारी, जिथं पेडल नसतं त्या मॅटवर,
त्यांचा उजवा पाय
माझ्या आधीच खाली गेला होता.